२० तारीख आणि गेलेलं नेट

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तालुक्याच्या गावी पाच माणसांचं अकाउंट्स आणि जीएसटीचं ऑफिस. पावसाळ्यात आठवड्यातून दोन-तीनदा नेट जातं. गेल्या महिन्यात ते नेमकं २० तारखेला, म्हणजे शेवटच्या दिवशी, दुपारी गेलं, दुसऱ्या दिवशी सकाळी आलं, अकरा पार्ट्यांची (ग्राहकांची) थ्री-बी, म्हणजे कर भरायचं जीएसटी रिटर्न, राहिली आणि लेट फी तुम्ही पदरची भरलीत. दुसरं कनेक्शन घेतलंत, पण तेही पहिल्याबरोबरच बंद पडतं. शिवाय नेट नसलं की ऑफिसातली मुलं मोबाइल बघत बसतात आणि त्यांना काय काम द्यावं ते तुम्हाला ऐन वेळी सुचत नाही.

मी चिपळूणला हेच काम करतो, सव्वीस वर्षं झाली. त्यामुळे तुमची ती दुपार मला डोळ्यांसमोर दिसते. तुमच्या प्रश्नात तीन प्रश्न एकमेकांत गुंतलेत. लाइन का जाते, हा पहिला. लाइन नसताना माणसांनी काय करायचं, हा दुसरा. आणि २० तारखेला दुपारी अकरा रिटर्न शिल्लक का होती, हा तिसरा. तुम्ही भर पहिल्यावर दिलाय, पण तुमचं नुकसान तिसऱ्यानं केलंय. म्हणून मी उत्तर तिसऱ्यापासून सुरू करतो.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. मी सांगतोय ते टॅलीसारखं हिशेबाचं सॉफ्टवेअर स्वतःच्या मशीनवर असलेल्या ऑफिसला लागू पडतं. तुमची हिशेबाची पुस्तकं ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये असतील, तर नेट गेल्यावर एंट्रीसुद्धा होत नाही आणि निम्म्या गोष्टी तुम्हाला जमणार नाहीत. तशा ऑफिसांसाठी एकच उपाय मला माहीत आहे: रोज संध्याकाळी लेजर आणि विक्री-खरेदीचं रजिस्टर एक्सेलमध्ये उतरवून मशीनवर ठेवायचं, म्हणजे दुसऱ्या दिवशी निदान तपासणीचं काम तरी चालू राहतं. आणि ज्यांचं कामच दिवसभर समोरच्याशी ऑनलाइन बोलण्याचं आहे, त्यांचा प्रश्न वेगळा. त्यावर मी अधिकारानं बोलू शकत नाही.

आता मूळ मुद्दा. काही वर्षांपूर्वी एका महिन्यात मी आमच्या असिस्टंटना घड्याळ लावून वेळ लिहायला सांगितलं होतं. एका मध्यम पार्टीच्या महिन्याच्या कामाला, म्हणजे बिलं लावणं, एंट्री मारणं, बँक जुळवणं, टू-बीशी (पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांची जीएसटी पोर्टलवरची यादी) खरेदी ताडून बघणं, आर-वन (विक्रीचं रिटर्न) आणि थ्री-बी, सगळं धरून साधारण पाच तास लागतात असं निघालं. त्यातला पोर्टलवरचा वेळ होता पंचवीस मिनिटं. म्हणजे साडेचार तासांच्या कामाला नेट लागतच नाही. तरीही नेट गेलं की आमचे पाचही तास थांबायचे. कारण ती पंचवीस मिनिटं आम्ही दिवसभरात पसरून ठेवली होती. टू-बी काढायची ती जुळवायला बसल्यावर, बँकेचं स्टेटमेंट एंट्री मारता मारता, मागच्या महिन्याचं कर भरल्याचं चलन शंका आली की. दर वीस मिनिटांनी कशासाठी तरी पोर्टल उघडायचं, आणि नेट नसलं की हात खाली.

कोकणातल्या माणसाला आगोट म्हणजे काय ते सांगायला नको. मिरगाच्या आधी तांदूळ, लाकूडफाटा, सुकी मासळी, आमसुलं, पापड घरात येऊन पडतात, कारण एकदा पाऊस लागला की बाजाराचा भरवसा नसतो. आम्ही ऑफिसमध्ये दर महिन्याला तेच करायला लागलो. नेट आहे त्या दिवशी नेटवरचं सगळं उतरवून घरात आणायचं. मग पुढचे दिवस ते असो वा नसो. आमच्याकडे या कामाला नावच पडलंय, 'आगोट भरली का?'

आगोटीत काय येतं ते सांगतो. टू-बी पोर्टलवर १४ तारखेला तयार होते. १५ ला सकाळी एक असिस्टंट बाकी काही न करता सगळ्या पार्ट्यांच्या टू-बी एक्सेलमध्ये उतरवते आणि पार्टीच्या फोल्डरमध्ये टाकते. बँक स्टेटमेंट महिन्यातून दोनदा, १ आणि १६ तारखेला. पोर्टलवरच्या कॅश लेजरची (पार्टीनं जमा केलेली रक्कम) आणि क्रेडिट लेजरची (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) शिल्लक त्याच वेळी. टीडीएसचं रिटर्न ज्या युटिलिटीत बनतं ती नेटशिवाय चालते, पण शेवटी फाइल व्हॅलिडेट करताना ती सीएसआय फाइल, म्हणजे भरलेल्या चलनांची नोंद, मागते आणि ती नेटवरूनच उतरवावी लागते. बहुतेक लोक इथेच अडकतात, म्हणून चलन भरलं की दोन-तीन दिवसांत सीएसआय उतरवून ठेवायची. आर-वनसाठी जीएसटीचं ऑफलाइन टूल पोर्टलवर फुकट मिळतं. त्यात किंवा थेट टॅलीतून पोर्टलला लागणारी जेसन फाइल नेटशिवाय तयार होते आणि नेट आल्यावर फक्त चढवायची असते. आयकर रिटर्नच्या ऑफलाइन युटिलिटीचंही तसंच. पीएफची फाइलही एक्सेलमध्ये तयार करून ठेवता येते.

यात एक खड्डा आहे आणि मी त्यात पडलोय. आमच्या फाइल वनड्राइव्हमध्ये होत्या. फोल्डर उघडलं की नावं सगळी दिसायची, म्हणून आम्ही निश्चिंत. एकदा नेट गेलं आणि एकही फाइल उघडेना. नीट बघितलं तर प्रत्येक नावाशेजारी छोट्या ढगाचं निळं चित्र होतं. ढग म्हणजे फाइल मशीनवर नाही, वरती आहे, इथे फक्त तिचं नाव आहे. फोल्डरवर उजवं बटण दाबून 'ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस' निवडलं की ती खाली उतरते आणि ढगाच्या जागी हिरवी खूण येते. आज संध्याकाळी तुमच्या पाचही मशीनवर हे बघा. गूगल ड्राइव्हमधल्या शीट्सनाही 'ऑफलाइन' करून ठेवावं लागतं आणि जीमेलच्या सेटिंगमध्ये ९० दिवसांपर्यंतच्या मेल मशीनवर ठेवायची सोय आहे. हे सगळं नेट असतानाच चालू करावं लागतं.

आगोटीचा खरा उपयोग मला २०२१ मध्ये कळला. २१ जुलैच्या रात्री पाऊस थांबेना आणि २२ ला पहाटेपासून वाशिष्ठीचं आणि शिव नदीचं पाणी बाजारपेठेत चढलं. आमचं ऑफिस दुसऱ्या मजल्यावर, त्यामुळे मशीन वाचली. पण वीज, नेट, फोन सगळं गेलं. त्या दिवशी तारीख काय होती बघा. तिमाही रिटर्न भरणाऱ्या छोट्या पार्ट्यांची एप्रिल ते जूनची थ्री-बी महाराष्ट्रात २२ तारखेला भरायची असते. म्हणजे पूर आला तो दिवस हाच शेवटचा दिवस.

आमच्याकडे तेव्हा तिमाहीच्या अडतीस पार्ट्या होत्या. १९ तारखेपर्यंत चौतीस भरून झाल्या होत्या. राहिल्या चार. त्यातल्या दोघांचं काम तयार होतं, फक्त चढवायचं बाकी. पण उरलेल्या दोघांची दुकानं बाजारात, बिलांच्या फाइली दुकानात, आणि दुकानात माणूस बुडेल एवढं पाणी. पाणी ओसरल्यावर आम्ही तिकडे गेलो तेव्हा मालक फाइलींचा लगदा फावड्यानं भरत होता. ते बघून रिटर्नचा विषय काढायची माझी हिंमत झाली नाही.

पण त्या दोघांच्या टू-बी १५ जुलैलाच उतरवलेल्या होत्या. खरेदी त्यांवरून उभी राहिली. विक्रीची जूनच्या मध्यापर्यंतची एंट्री टॅलीत होती आणि पुढचं बँक स्टेटमेंटवरून जुळवलं. वीज नव्हती म्हणून दोन लॅपटॉप आणि एक पेनड्राइव्ह घेऊन मी सहाव्या दिवशी रत्नागिरीला एका मित्राच्या ऑफिसात जाऊन बसलो. तोपर्यंत चिपळुणात एका कंपनीची रेंज मधूनमधून यायला लागली होती. पार्टीला ओटीपी एसएमएसवर जायचा, तो फोनवर मला वाचून दाखवायचा आणि इथे मी टाकायचो. चारही रिटर्न त्या संध्याकाळी गेली. ओटीपीला नेट लागत नाही, साधी रेंज पुरते, हे तेव्हापासून माझ्या डोक्यात पक्कं बसलंय. आणखी एक पक्कं बसलं: सगळ्या पार्ट्यांचे फोन नंबर कागदावर छापून ठेवायचे. पहिले तीन दिवस माझ्या मोबाइलची बॅटरी संपलेली होती आणि एकाही पार्टीचा नंबर मला पाठ नव्हता.

आता तुमच्या २० तारखेकडे येतो. लेट फी पन्नास रुपये रोज, म्हणजे अकरा पार्ट्यांचे एका दिवसाचे साडेपाचशे रुपये. रक्कम मोठी नाही. पण पोर्टलवर कुणीही जीएसटी नंबर टाकला की त्या पार्टीनं कुठल्या तारखेला रिटर्न भरलं ते दिसतं. उद्या ती कर्जाला गेली की बँकेतला माणूस ती यादी उघडून बसतो. तिथे उत्तर पार्टीला द्यावं लागतं, तुम्हाला नाही. म्हणून २१ तारीख मला बोचते.

आमच्या ऑफिसात थ्री-बीची शेवटची तारीख १७ आहे आणि आर-वनची ८. सरकारी तारखा २० आणि ११ आहेत हे सगळ्यांना माहीत असतं, पण भिंतीवरच्या कॅलेंडरवर १७ आणि ८ भोवतीच लाल गोल असतो. तुम्ही म्हणाल, टू-बी येते १४ ला, मग तीन दिवसांत एवढ्या पार्ट्या कशा होणार? होतात, कारण खरेदीची एंट्री १० पर्यंत संपलेली असते आणि टू-ए, म्हणजे त्याच बिलांची सतत बदलत राहणारी यादी, पोर्टलवर आधीपासून दिसत असते, तिच्याशी एकदा ताडून झालेलं असतं. १५ ते १७ मध्ये फक्त फरक बघायचे असतात. मग १८, १९ आणि २० हे तीन दिवस नेटसाठी मोकळे राहतात. पावसाळ्यात सलग तीन दिवस नेट नाही असं आमच्याकडे क्वचितच झालंय. एखादा दिवस तर दर महिन्याला जातो.

आता तुमच्या मनातला पुढचा प्रश्न मला माहीत आहे: पार्टी बिलंच १८ ला आणून देते, त्याचं काय? याचं उत्तर कडू आहे. आम्ही पार्ट्यांना लेखी कळवलं की महिन्याची बिलं ५ तारखेपर्यंत आली पाहिजेत. १२ नंतर आली तर काम शेवटी घेऊ आणि उशीर झाल्यास लेट फी तुमची. दोन पार्ट्या सोडून गेल्या. बाकीच्या सुधारल्या. तुमच्या अकरा पार्ट्यांपैकी किती जणांची बिलं १५ नंतर आली होती ते आवक वहीत बघा. वही नसेल तर आजपासून सुरू करा: तारीख, पार्टी, किती बिलं, कोणी घेतली. ज्यांची उशिरा आली त्यांची लेट फी तुम्ही का भरावी? ज्यांची वेळेत आली त्यांची मात्र तुम्हीच भरायला हवी होती आणि भरलीत, हे योग्य केलंत.

पैशाचं एक सांगतो, कारण लेट फीपेक्षा व्याज जड जातं. कर रोखीनं भरायचा राहिला तर त्यावर वर्षाला १८ टक्के दरानं व्याज चढतं. जुलै २०२४ मध्ये नियम बदलला. आता शेवटच्या तारखेपर्यंत रक्कम कॅश लेजरमध्ये जमा केलेली असेल आणि रिटर्न भरेपर्यंत ती तिथेच राहिली असेल, तर रिटर्न उशिरा गेलं तरी तेवढ्या रकमेवर व्याज लागत नाही. लेट फी लागते, व्याज वाचतं. म्हणून आम्ही १६ तारखेला अंदाजे आकडा काढतो आणि पार्टीला चलन पाठवतो. ते पंधरा दिवस चालतं. तिच्याकडे नेटबँकिंग असेल तर ती घरून भरते, नाहीतर एनईएफटीचा फॉर्म घेऊन बँकेत जाते. दहा हजारांपर्यंतची रक्कम काउंटरवर रोखही चालते. पाच-दहा रुपये जास्त भरले गेले तर ते लेजरमध्येच राहतात, कुठे जात नाहीत.

ज्यांचं रिटर्न निल आहे त्यांच्यासाठी तर नेट लागतच नाही, आणि हे अजूनही बऱ्याच जणांना ठाऊक नाही. जून २०२० पासून निल थ्री-बी एसएमएसवर भरता येते, थोड्याच दिवसांत आर-वनचीही सोय झाली. पोर्टलवर नोंदलेल्या मोबाइलवरून १४४०९ या नंबरवर इंग्रजीत 'निल', मग ३बी, मग जीएसटी नंबर, मग महिना आणि वर्ष सहा आकड्यांत, मध्ये मोकळी जागा सोडून पाठवायचं. उलट एक सहा आकडी कोड येतो. तो अर्ध्या तासाच्या आत 'सीएनएफ', ३बी आणि कोड असा परत पाठवला की रिटर्न भरलं जातं. आमच्याकडचे चिरेखाणवाले पावसात बंद असतात, त्यांची बरीच रिटर्न अशी जातात. मात्र निल म्हणजे खरंच निल हवं. विक्री नाही, क्रेडिट घ्यायचं नाही, मागची लेट फी नाही. एखादं खरेदीचं क्रेडिट घ्यायचं असेल तर ही वाट नाही.

ई-वे बिलाचं, म्हणजे माल गाडीतून नेताना लागणाऱ्या ऑनलाइन बिलाचं, थोडक्यात सांगतो. राज्यातल्या राज्यात एक लाखावरचा आणि राज्याबाहेर पन्नास हजारांवरचा माल असेल तर बिल लागतं, आणि गाडी भरून उभी असताना नेट गेलं की व्यापाऱ्याचा फोन आपल्याकडेच येतो. ई-वे बिल पोर्टलवर एसएमएसनं बिल काढायची सोय आहे, पण मोबाइल नंबर आधी नोंदवावा लागतो. त्याहून सोपं म्हणजे व्यापाऱ्याच्या मुंबई-पुण्याच्या नातेवाइकाला किंवा तिथल्या गोदामातल्या माणसाला सब-यूजर (त्याच खात्यावरचा दुसरा वापरकर्ता) करून ठेवायचं. इथून फोनवर आकडे सांगायचे, तो तिथून बिल काढून नंबर सांगतो.

आता लाइनचं. दुसरं कनेक्शनही त्याच वेळी जातं असं तुम्ही लिहिलंय. याचं कारण बहुधा हे असेल की कंपन्या दोन असल्या तरी वायर एकाच वाटेनं येते. दोघांच्या फायबर महावितरणच्या त्याच खांबांवरून गावात येतात, किंवा दोघांची मुख्य लाइन एकाच रस्त्याच्या कडेनं पुरलेली असते आणि जेसीबीचं एक खोदकाम दोन्ही तोडतं. महामार्गाच्या चौपदरीकरणाच्या काळात आम्ही हे अनेकदा भोगलंय. मोबाइलचा टॉवरही पुष्कळदा त्याच फायबरवर चालतो, म्हणून कधी कधी हॉटस्पॉटही येत नाही. दुसऱ्या कनेक्शनच्या माणसाला बोलावून एकच विचारा: तुमची मेन लाइन कुठल्या रस्त्यानं येते? पहिल्याच्याच रस्त्यानं येत असेल तर ते कनेक्शन सोडा आणि त्या पैशांत वेगळ्या कंपनीचं सिम घ्या, जिचा टॉवर तुमच्या गावात वेगळ्या टेकडीवर आहे. कोणाची रेंज टिकते हे गावागणिक बदलतं, त्यामुळे नाव सांगण्यात अर्थ नाही. तुमच्या ऑफिसाच्या खिडकीत दोन-तीन सिम प्रत्यक्ष लावून बघणं हाच मार्ग.

नेट गेलं की तक्रार करण्याआधी भिंतीवरच्या पांढऱ्या डबीकडे बघा. तिच्यावर एलओएस नावाचा दिवा असतो. तो लाल लुकलुकत असेल तर उजेड तुमच्यापर्यंत पोचत नाही, म्हणजे वायर तुटली किंवा कुठेतरी फार वाकली. आमच्याकडे एकदा सगळा दिवस तक्रारीत गेला आणि शेवटी निघालं काय, तर साफसफाई करताना कपाट भिंतीला रेटलं होतं आणि डबीला जाणारी पिवळी बारीक वायर मागे दुमडली गेली होती. ती सोडवल्याबरोबर दिवा विझला आणि नेट आलं. एलओएस विझलेला आणि पॉनचा दिवा हिरवा स्थिर असेल, तर वायर ठीक आहे आणि अडचण बहुधा कंपनीच्या बाजूची. तुम्ही काही करू शकत नाही, फोन करून कामाला लागा. आणि एकही दिवा लागत नसेल तर नेट नव्हे, वीज गेलीय. ऑफिसचा इन्व्हर्टर असतो पण डबी आणि राउटर त्यावर जोडलेले नसतात, असं मी कितीतरी ठिकाणी पाहिलंय. राउटरसाठी छोटा १२ व्होल्टचा यूपीएस हजार-दीड हजारांत मिळतो आणि दोन-तीन तास सहज काढतो. घेताना तुमच्या डबीच्या अडॅप्टरवर १२ व्होल्टच लिहिलंय ना, हे बघून घ्या.

हॉटस्पॉटवर यायची वेळ आली तर एकच मशीन जोडा. रिटर्नची फाइल काही किलोबाइटची असते. एवढ्याशा डेटावर दहा-वीस रिटर्न चढतात. पण पाचही मशीन जोडली की विंडोजचे अपडेट, ड्राइव्हचं सिंक आणि कोणाचं तरी व्हॉट्सअॅप मिळून दिवसाचा डेटा तासाभरात संपवतात. त्या मशीनवर वायफायच्या सेटिंगमध्ये ते नेटवर्क 'मीटर्ड' (डेटा जपून वापरायचं) करून ठेवा. बाकीच्यांनी आपापल्या तयार फाइल पेनड्राइव्हवर त्या मशीनवाल्याला द्यायच्या. आमच्याकडे त्या खुर्चीला 'खिडकी' म्हणतात, पोस्टातल्यासारखी. खिडकीवर एक माणूस बसतो आणि एकामागून एक चढवतो. या वेळी एकच गोष्ट सांभाळायची: एका पार्टीची फाइल दोन मशीनवर एकाच वेळी बदलायची नाही. नाहीतर नेट आल्यावर कुठली खरी हे शोधण्यात दुसरा दिवस जातो. आम्ही नावात तारीख आणि करणाऱ्याची आद्याक्षरं घालतो.

आता तुमची मुलं. ती मोबाइल बघत बसतात यात त्यांचा दोष नाही. नेट गेल्यावर काय करायचं हे कोणी ठरवून ठेवलेलं नाही, आणि त्या क्षणी तुम्ही स्वतः फोनवर तक्रार करत असता. आमच्याकडे टेबलावर एक दोनशे पानी वही असते. नेट असताना काम करता करता जे जे बाजूला पडतं ते प्रत्येक जण तिच्यात लिहितो: अमुक पार्टीचं भाडं कोणत्या खात्यात, तमुकची सस्पेन्सची (कशाच्या ते न कळलेल्या रकमांची) यादी, फाइलींना पाठीवर नावं, मागच्या वर्षाची व्हाउचरं क्रमानं लावणं. नेट गेलं की वही उघडायची आणि वरून पहिलं न खोडलेलं काम उचलायचं.

यातलं सस्पेन्सचं काम मला सगळ्यात मोलाचं वाटतं, कारण नेट असताना ते कोणी करत नाही. मागच्या पावसाळ्यात एका दुपारी नेट गेलं आणि आमच्या असिस्टंट ताईंनी एका हार्डवेअरच्या दुकानाचं सस्पेन्स खातं काढलं. तेवीस एंट्र्या होत्या. मालकाला फोन लावला. त्यांच्याकडेही पावसामुळे गिऱ्हाईक नव्हतं, ते निवांत होते. एकेक तारीख आणि रक्कम वाचत दोघं दीड तास बोलत होते. पंचेचाळीस हजार मालकांनी घराच्या स्लॅबसाठी दिले होते, ते ड्रॉइंग्जमध्ये, म्हणजे मालकांच्या खासगी खर्चाच्या खात्यात, गेले. साडेअठरा हजार पुरवठादाराकडून परत आले होते, कारण पत्र्यांचा एक लॉट दुकानानं माघारी पाठवला होता. त्याची क्रेडिट नोट, म्हणजे माल परत आल्याचा पुरवठादाराचा कागद, आम्ही हिशेबात घेतलीच नव्हती, म्हणजे तेवढ्या मालाचं क्रेडिट आम्ही जास्त घेतलं होतं. पुढच्या थ्री-बीत ते व्याजासकट उलटवलं. दोन वर्षांनी नोटीस येऊन कळण्यापेक्षा त्या दुपारी कळलं हे किती बरं झालं, याचा मी नंतर पुष्कळदा विचार केला.

मात्र प्रत्येक तास भरलाच पाहिजे असं मी मानत नाही. वीज आणि नेट दोन्ही नाही, इन्व्हर्टर उतरत आलाय, चार वाजलेत आणि बाहेर पाऊस कोसळतोय, अशा वेळी मी सगळ्यांना घरी सोडतो. आमच्या दोघी जणी गावाहून एसटीनं येतात. नदीला पाणी आलं की शेवटच्या गाडीचा भरवसा नसतो. निघण्याआधी फक्त दोन गोष्टी होतात. टॅलीचा बॅकअप दोन वेगवेगळ्या पेनड्राइव्हवर, त्यातला एक माझ्या पिशवीत. आणि वहीच्या पानावर उद्या खिडकीवर काय चढवायचं त्याची यादी, तातडीप्रमाणे.

या महिन्यापुरतं तुम्ही ढगाची चित्रं तपासा, १५ ला सकाळी सगळ्या टू-बी उतरवा आणि १७ ला संध्याकाळी किती थ्री-बी शिल्लक आहेत ते मोजा. तुमची टॅली एका मशीनवर आहे की सर्व्हरवर पाचही जण चालवतात, हे प्रश्नात लिहिलेलं नाही. सर्व्हरवर असेल तर वीज गेल्यावर आधी सर्व्हरच बंद पडत असणार आणि तुमच्या इन्व्हर्टरची जोडणी वेगळी करावी लागेल. तेवढं कळवा, म्हणजे त्याबद्दल नेमकं सांगता येईल.